एक तास दहा मिनिटं

रुवीतल्या आमच्या ऑफिसात भिंतीवर नकाशा आहे.
उन्हानं त्यातला समुद्र आधी विटला,
जमीन अजून बऱ्यापैकी शाबूत.
सिराज परकार, मत्राच्या बाजारामागे दिशदाशा शिवतो,
आला की काउंटरशी येत नाही.
गळ्यातली टेप काढतो,
मस्कतवर नख रोवतो, मुंबईपर्यंत ताणतो.
"पावणेपाच इंच. शर्टाच्या खिशाची रुंदी."

मी म्हणते, पंधराशे सत्तर किलोमीटर,
दोन तास चाळीस मिनिटं,
वारा समोरून असेल तर वर दहा.
तो मान डोलावतो, टेप गुंडाळतो, जातो.
भाव विचारून जाणारे खूप असतात.

यंदा तिकीट उलटं निघालं. मुंबई ते मस्कत.
जुलेखाबी परकार, वय एकाहत्तर, मुक्काम वेलदूर.
सुटणार सव्वाचारला,
पोचणार पाच पंचविसाला.
तिकीट मोबाइलवर गेलं, तिकडे नातीनं वाचून दाखवलं,
आणि चौथ्या मिनिटाला फोन.
सिराज ऐकत राहिला. नुसता ऐकत.
मग फोन माझ्याकडे सरकवला:
"तुम्हीच सांगा मॅडम, हिशेब तुमचा आहे."

"एक तास दहा मिनिटं?"
सलाम नाही, नाव नाही.
"आमची एसटी चिपळूणला दोन तास घेते,
शृंगारतळीला चहाला थांबते ते वेगळं.
आणि हा चिपळूणच्या अलीकडे बसून
अकरा ईदी मला सांगतो, लांब आहे, लांब आहे.
बाप गेला तेव्हा म्हणाला, मातीला पोचणार नाही.
एक तास दहा मिनिटं!
मी थांबवलं असतं की सगळ्यांना."

मी घड्याळं समजावली.
तुमचं पुढे, आमचं मागे, दीड तासानं.
विमान उडतं तेवढंच उडतं,
कागदावर कमी दिसतं, इतकंच.

पलीकडे फेरीबोटीचा भोंगा वाजला.
तो संपेपर्यंत ती थांबली.
"मग तो दीड तास कुणाचा?"
तुमचाच, मी म्हटलं. येताना मिळतो.
परत जाताना द्यावा लागतो.
"मग परतीचं काढलंस कशाला?"

व्हिसा तीस दिवसांचा आहे, मी म्हणाले,
आणि उगाच स्टेपलर सरळ केला.
सिराज नकाशाकडे तोंड करून उभा होता,
टेप हातात, पण काही मोजत नव्हता.

"बरं," ती म्हणाली, आवाज एकदम घरातला,
"तळलेली मांदेली किती टिकते?
एक तास म्हणून कोरडी नाही करणार होते.
आता नीट सांग,
तुझं घड्याळ नको, माझं नको,
डब्याला किती वेळ लागेल ते सांग."

मी वेलदूर ते मुंबई धरलं, रात्रीची गाडी,
विमानतळावरचे तीन तास, उड्डाण,
बॅगांचा पट्टा, मग सिराजची खोली.
कडक तळा, मी म्हटलं.
एकवीस तास.