वरची मूठ

पस्तीस वर्षं लोकांची पाकिटं
न फोडता पोचवली.
आता फोडायची, वाचायची
आणि शंभरपैकी मार्क द्यायचे.
मानधन नाही. एसटीचं तिकीट जपून ठेवायचं,
मार्चअखेर पैसे मिळतात म्हणे.

या खेपेला नऊ अर्ज.
जेवणाच्या टेबलावर मांडले,
पंख्याने उडू नयेत म्हणून वर
अडकित्ता, मिठाची बरणी, बायकोचा चष्मा.
ती म्हणाली, पोस्ट सुटलं, टपाल सुटेना.

पहिला अर्ज गुळगुळीत छपाईचा.
'सक्षमीकरण' अकरा वेळा.
मोजला, कारण मोजायची सवय आहे.
पण हिशेब चोख, पावत्या जोडलेल्या.
चोखपणाचे मार्क द्यावे लागतात. दिले.

तिसऱ्यात कासवाची अंडी राखणारी पोरं.
टॉर्च, सेल, जाळी,
आणि रात्रीच्या चहाला दोन किलो साखर.
साखर नियमात बसत नाही.
मी समासात लिहिलं, बसवावी.

पाचवा वहीच्या पानावर, मधल्या,
पिना काढल्याची भोकं तशीच.
मोचेमाडच्या खाडीत कालवं काढणाऱ्या
एकवीस बाया.
मागणी: एक घंटा, एक खांब.
भरती फिरली की वाजवायची.
वाजवणाऱ्याचा पगार नको, पाळी लावू.
एकूण रुपये अकरा हजार चारशे.
गरज का, या रकान्यात:
मान खाली असते, पाणी चढलेलं कळत नाही.
परिणाम कसा मोजाल, या रकान्यात:
सांजेक मोजू. एकवीसय जणी इल्यो काय.

मी चष्मा काढून पुसला.
काच स्वच्छच होती.

मग खाली अंगठ्यांच्या गर्दीत एकच सही,
सुलोचना गिरप.
दर बुधवारी आमच्या पायरीवर
टोपली उतरवते, ती.

शेवटच्या पानावर छापलेलं असतं:
अर्जदाराशी नाते, परिचय वा व्यवहार आहे काय?
असल्यास गुणदान करू नये.
नातं नाही.
व्यवहार म्हणजे मापटंभर कालवं
आणि वर एक मूठ.
ती मूठ कधी मोजली नव्हती.
अकरा वर्षं, आठवड्याला एक, पावसाळे वजा,
साडेतीनशेच्या वर गेली.
'होय'वर खूण केली.
पेन उगाच जड झालं.

कुडाळला बैठक.
देवगडच्या निवृत्त नर्स नफिसा मुकादम,
सुतारकामाचे मास्तर अंतोन रॉड्रिग्ज, आणि मी.
पाचवा आला तसा मी उठून बाहेर गेलो.
जिन्याशी उभ्याने चहा घेतला, गोड मिट्ट.
खिडकीतून अंतोनचं एकच वाक्य आलं,
'सुरूचा खांब घंटेच्या वजनाला टिकायचा नाही.'
हे बाजूने की विरुद्ध,
चहा संपेस्तोवर उमगलं नाही.
नफिसाबाई काहीतरी हळू बोलल्या. मग खुर्ची सरकली.
आत बोलावलं तेव्हा सहावा सुरू होता,
फळा पुसलेला,
नफिसाबाईंच्या बोटांना खडू.
मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.
निकाल महिन्याभराने. पोस्टाने.

बुधवार आला.
माप झालं, मग सवयीने तिचा हात टोपलीत.
म्हटलं, वरचं नको आज.
'काय झाला ओ? वास येता काय?'
नाही.
'मगे?'
छापील पानावरचं ते वाक्य
पायरीवर उतरवता येईना.
मूठ हवेतच राहिली,
बोटांतून खारं पाणी गळत.
मग तिने ती मांजराच्या ताटलीत सोडली.
मांजराला व्यवहाराचा नियम लागू नसावा.

टोपली डोकीवर घेऊन ती निघाली.
घंटेबद्दल अवाक्षर नाही.
मी दारात उभा,
नारळाच्या बुंध्यावर ऊन कुठवर आलं ते बघून
भरतीची वेळ काढत.
ही एक.
वीस अजून खाडीत असतील.