पांढऱ्या घरांतला उंट

चौथी फेरी, पट क्रमांक सव्वीस.
शाळेच्या हॉलमध्ये दोन कूलर, त्यातला एक
वाळ्याच्या वासापलीकडे काही देत नाही.
बाहेर शेहेचाळीस. खिडक्यांना हिरवं कापड.
समोर मोरेश्वर निनावे, गोळीबार चौकात औषधांचं दुकान,
मानेवर ओला रुमाल, पेनाला टोपण नाही.

त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं.
मी एकच.
फ्रेंच बचाव. ते गालात हसले.
अकरा वर्षं हाच बघतायत माझा,
बर्डीच्या क्लबात, दर रविवारी.

या बचावात एकाची गोची ठरलेली:
वजिराकडचा उंट.
स्वतः काळा, चालायचं पांढऱ्या घरांवरून,
आणि तिथं आपलीच प्यादी
दाराला खाट लावून झोपलेली.
घोडे लढतात, हत्ती रस्ते धरतात,
हा आत बसून भांड्यांचे आवाज ऐकतो.
मला तो आवडतो. का ते विचारू नका.
वीज मंडळात एकतीस वर्षं बिलं तपासली मी,
खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर.

एकोणिसाव्या चालीला एक प्यादं सरकवलं.
त्यांनी मारलं, माझ्या घोड्यानं परत मारलं. फट पडली.
उंट एक घर पुढे.
मग एक घर मागे, हो, मागे, हत्तीच्या बगलेत.
निनावेंची भुवई वर गेली.
आणि मग तीन घरं एका दमात,
पटाच्या पार काठाला!
त्यांचा घोडा जागीच खिळला, पाठीशी वजीर.

हात मागे बांधून मी बघत राहिलो.
इतक्या लांब तो कधी आलाच नव्हता.
कूलर कोरडा खडखडला, एक पोरगं बादली घेऊन धावलं.
निनावेंनी घड्याळाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
मग लिहायला काही नसताना पेन उचललं.

बटण दाबलंच नव्हतं मी.
सहा मिनिटं होती माझी.
गेली.

तर्री-पोह्याच्या ठेल्यावर ते म्हणाले,
"पाह्यलं होतं मी. पण सांगाचं कसं, बाप्पा?"
लिंबू पिळलं. बराच वेळ पिळलं.
"आन् मीबी त्या उंटाकडेच पाहत होतो नं."
यातलं अर्धं खरं असावं.
पोह्यांचे पैसे त्यांनी दिले, मी देऊ दिले.

त्याआधी, हॉलमध्ये,
पुढच्या फेरीसाठी मोहरे परत मांडताना
उंट मी सगळ्यात शेवटी उचलला.
त्याच्या घरात ठेवला.
प्यादी आधीच लागलेली होती.