खरं

नंदगडच्या जनावरांच्या बाजारात
माझा बाप दलाल होता. मष्णू दलाल.
खांद्यावर चौकडीचा टॉवेल,
त्याखाली कधी याचा हात, कधी त्याचा.
तोंडानं फक्त ‘हजार’ म्हणायचं, नाहीतर ‘शेकडा’.
किती, ते बोटं सांगायची.
तोंडावर विसंबून बाजार चालत नाही, म्हणायचा.

सुट्टीत मला बरोबर न्यायचा.
“जनावराचं वय दातात बघावं,
माणसाचं खोटं पायात.
बोलतोय तुझ्याशी, आणि अंगठा वाटेकडं,
तर बैल चढाला बसतोय समज.”
न विचारता पाठ थोपटणारा,
शिंगांना जास्तीचं तेल लावणारा,
जनावर मुद्दाम उतारावर उभं करणारा.
आणि सगळ्यात वाईट तो,
जो डोळ्यात डोळे घालून पापणी हलवत नाही.
“खऱ्या माणसाला एवढी सवड नसते, पोरा.”

बिडीचा बसाप्पा कानडीत घासाघीस करायचा,
लबाडी करायची झाली की मराठीत यायचा.
आमचे गुंजीचे लोक तेव्हाच नेमके कानडीत जायचे.
परक्या भाषेत जीभ भाजत नाही.

आमच्या भागात ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.
पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं.
गाय चांगली हाय, खरं दूध कमी देती.
येतो म्हणालो होतो, खरं गाडी चुकली.
बाप म्हणायचा, “‘खरं’च्या अलीकडचं सोडून दे.
पलीकडचं तेवढं ऐक.”

मी बारावीत असताना
बेळगावच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीशेजारची खाट आईला मिळाली होती.
बाप डॉक्टरांच्या खोलीतून आला.
चप्पल बाहेर काढून आला, जशी कुणी तिथं काढत नाही.
पाय दाराकडे.
आईची उशी न विचारता थोपटली.
म्हणाला, “सगळं चांगलं हाय म्हणाले. खरं…”
आणि पलीकडे काहीच आलं नाही.

आई बाजारात कधी गेली नव्हती.
बायका जात नसत.
तिनं बापाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला,
आपल्या हातावर टाकला
आणि वाट बघत राहिली.
सलाईन टपटपत होती.
शेजारच्या बाईचा नवरा कानडीत फोनवर
बियाण्यांचा भाव विचारत होता.
बऱ्याच वेळानं बापाचा हात टॉवेलखाली गेला.

मी बाजारात वाढलेला.
वरून बघूनही मला मोजता यायचं.
कापड तीन ठिकाणी उचललं गेलं.

हजार, शेकडा, वर्षं, महिने,
कुणी काही म्हणालं नाही.
आईनं मला विचारलं,
गच्चीवरच्या मिरच्या कुणी आत घेतल्या का.
घेतल्या, म्हणालो.
घेतल्या नव्हत्या.
तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि हसली.

मग टॉवेल पुन्हा हलला,
या वेळी तिच्या बाजूनं.
चार.

उभ्या आयुष्यात बाप
पहिल्या बोलीला कधी वाकला नव्हता.
शंभराच्या नोटेसाठी दोन तास उन्हात उभा राहायचा.
त्या दिवशी त्यानं घासाघीस केली नाही.
“पटलं,” म्हणाला.

मी सगळं तपासलं.
पाय तिच्याकडे होते.
पापण्या हलत होत्या, नेहमीसारख्या.
आवाज बाजारातलाच.
आमच्याच भाषेत बोलला होता.

एकही खूण नव्हती.