वयाचा रकाना

केप्याच्या कोर्टात वारसांची यादी मी टाईप करते.
नाव, नातं, वय, पत्ता.
सोळा वर्षांत एकही रकाना कोरा सोडला नाही.

मयत : दामोदर फळदेसाई, बार्जवरचा खलाशी.
बायकोचं नाव विनंती; अर्जाच्या पहिल्याच ओळीत
ते दोनदा येतं, वेगवेगळ्या अर्थांनी.
मालमत्ता : बाळ्ळीचं घर, बावीस माड,
एक स्कूटर, बँकेत थोडंफार.
त्यातलं अर्धं तिचंच, लग्न नोंदवलं त्या दिवसापासून.
उरलेल्या अर्ध्यासाठी
दीर नवा शर्ट घालून आला होता.

“मूल नाही ना?”
त्याने विचारलं माझ्याकडे बघून.
तिनं ओढणी बाजूला केली, इतकंच.

वकील जुना शब्द उच्चारतात : नासितूरु.
जे जन्मायचं आहे, ते.
पोर्तुगीज गेले, शब्द राहिला,
धुतलेल्या बरणीला
लोणच्याचा वास राहतो तसा.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, थांबायचं.
वाटा बाजूला ठेवायचा.
जिवंत जन्मलं, तर त्याचा.
मी टाईप केलं : तर.
बोट जरा जास्तच दाबलं गेलं.

माझं पाचव्या महिन्यात गेलं.
कुठल्याच कागदावर ते नाही.
आमच्याकडे वाटण्यासारखं होतं तरी काय,
भाड्याच्या दोन खोल्या.
एक टोपडं आहे कपाटात,
कोणाच्याच नावावर नसलेलं.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर बाकावर सासू दिसली.
मूल झालं नाही तर माड तुमच्याकडे येतील,
हे तिला थोरल्यानं वाटेत दोनदा समजावलेलं.
तिनं डब्याचं झाकण काढलं.
पेज. वर कैरीच्या लोणच्याची एक फोड.
“खा गो बाय,” सुनेला म्हणाली,
“दोघांना भूक लागली असेल.”
दीर पार्किंगकडे बघत राहिला.

मी आत येऊन यादी पुन्हा उघडली.
वारस क्रमांक दोन.
नातं : मयताचं अपत्य.
नावापुढे रेघ मारली, ती चालते.
संगणक म्हणतो, वय भरा.
शून्य घालता येत नाही,
शून्य म्हणजे जन्मलेलं.
पत्त्याच्या जागी लिहिलं : आईबरोबर.
वयाच्या रकान्यात
कर्सर लुकलुकत होता, तसाच राहू दिला.

पुढची तारीख चवथीनंतरची घातली.