चौथी पेटी

चौथ्या पेटीला झाकण नव्हतं.
वर एक पंचा, धोब्याची खूण असलेला.
आत राळेचा खडा, काकवीच्या रंगाचा, अजून चिकट.
आतड्याची एक तार, तुटलेली,
तरी गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवलेली.
तुटलेलं इतकं नीट कोण ठेवतं?
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

हाव्रानेक, एमिल. व्हायोलिन. जन्म ब्रनो.
चौतीस साली मुंबई बंदर, मग रेल्वेने बडोदे.
दरबारी बँडात पगार एकशे दहा, घरभाडं निराळं.
राष्ट्रीयत्व: इथे मी पेन्सिलने लिहिलं.
पारेखसाहेब म्हणाले, शाईने लिहा, सरकारी काम आहे.
पण साहेब, याचा पासपोर्ट ज्या देशाचा
तो देशच मधली सहा वर्षं नकाशावर नव्हता.

बर्फाची बिलं. शिंप्याची बिलं.
वैद्यांची चिठ्ठी: मात्रा, मधातून, दोन वेळा.
खाली त्याने लाल शाईत विचारलंय,
'आणि सम?'
भर दुपारी, पंख्याखाली, मी एकटीच हसले.

घरी पाठवलेली सतरा पत्रं, परत आलेली.
मीही उघडली नाहीत.
तसा नियम नाही. माझं मीच ठरवलं.

मग शब्दांची वही.
मराठी तो डांड्या बाजारात शिकला,
विसाजी केळुसकर नावाच्या नक्कलनविसाकडून,
जो याच्या पाच रेघांच्या कागदांवर
समासात, मोडीत, घरखर्च मांडायचा:
कोळसा, तूर, मुलीच्या काकणांना चार आणे.

पान एकवीस. चाल:
घोड्याची. सोंगटीची. माणसाची. गाण्याची.
पुढे तीन प्रश्नचिन्हं.
'एकच शब्द? मग बसलेला माणूस गातो कसा?'
केळुसकरांचं उत्तर लावायला मला दोन दिवस लागले:
'पाय थांबले तरी चालतं, साहेब.'

युद्धात दर सोमवारी रावपुऱ्याच्या चौकीत हजेरी.
जमादार मोहित्यांचा शेरा अठ्ठ्याण्णव वेळा तोच,
'चाल ठीक.'
नव्याण्णवाव्या वेळी, थोड्या तिरक्या अक्षरात,
'चाल ठीक. काल कमाटीबागेत वाजवली ती याहून बरी.'

तळाशी एक रचना. नाव नाही, शेवट नाही,
उजवा कोपरा कसरीने नेलेला.
दोन सुरांच्या मधे
जिथे त्याच्या पाच रेघांना जागाच सापडत नव्हती,
तिथे एक लहानसं वळण, पुन्हा पुन्हा.
स्वरलिपीच्या पुस्तकांत शोधलं. नाही.
चौथ्या दिवशी समासाकडे नजर गेली.
तूरमधल्या र चं ते वळण होतं,
केळुसकरांच्या हातचं, जसंच्या तसं.

मोडीत लेखणी उचलत नाहीत.
त्याला गज उचलायचा नव्हता.

'लिपी' या रकान्यात मी 'मोडी' लिहिलं,
शाईने.
पारेखसाहेबांनी अजून पाहिलेलं नाही.