एकच इसम

बांद्याहून सात-दहाची बस.
पत्रादेवीला हद्द म्हणून काही दिसत नाही,
फक्त डांबर जरा नवं होतं
आणि पंपावर आमच्याच जिल्ह्याच्या नंबरांची रांग.
कारखान्यातल्या पोरी इथं जाग्या होतात,
ओढणीला पिना लावतात, धारगळला उतरतात.

म्हापशाला, बाजारामागच्या झेरॉक्सच्या दुकानात
मी नावं जुळवते.
जुन्या जन्मनोंदीत काएतानो,
शाळेच्या दाखल्यावर कायतान,
मतदारयादीत चक्क केतन.
तिघांखाली टंकते, इंग्रजीत,
की हे सगळे एक आणि तेच.
मनात म्हणते, एकच इसम.
आमच्या तलाठ्याचा शब्द.
बाईला इसम चालतं का, कधी विचारलं नाही.

कागद लिस्बनला जातात.
माणूस स्विंडनला. गोदामात. रात्रपाळीला.

आज हळदोण्याचा झेफेरीन आला,
वय छप्पन्न, बोटांना अजून सुंगटांचा वास.
इथला पासपोर्ट परत करायचा अर्ज भरताना
कारणाच्या रकान्याशी अडला.
मी सुचवलं, इतर.
"ना. पोटाखातीर बरय."
यादीत पोट नव्हतं.
मी इतरवर टिचकी मारली, सांगितलं नाही.

मग त्यानं विचारलं, तूं खंयची?
बांद्याची. रोज येते.
"रोज? म्हणजे सांजचें घरा पावता?"
पावते, म्हटलं,
आणि उगाच प्रिंटरमधले कागद सारखे करत बसले.

घरी पावते, हे खरं.
पण दुकानात सुट्ट्या पैशांवरून वाजलं की मी भायली,
आणि बांद्यात लग्नाच्या पंगतीत
"गोंयकारीण आली, वाढा तिला मासे."
ह्या दोघींखाली सही करील
असा नोटरी दोन्ही राज्यांत नाही.
असला तरी शंभराचा स्टॅम्प कोण घालवणार.

संध्याकाळी नाक्यावर बस थांबवतात.
हवालदार बाटल्या शोधतो.
माझ्या पिशवीत पोदेराचे सहा पाव, डबा,
आणि वहीत झेफेरीनचा उरलेला फोटो,
मागे पांढरं, दोन्ही कान दिसतील असा,
हसू नको म्हणून सांगितलेला.
"ह्यो कोण?"
कालपर्यंत इथलाच, म्हटलं.

त्याला काही कळलं नाही.
एक पाव दाबून बघितला,
बस सोडली.