पाच बैसा बाकी

सोहारचा कॅम्प, खोली नंबर एकोणीस.
सात माणसं, एक शेगडी, मेसची एक वही.
वही रज्जाक परकारची. दाभोळचा माणूस,
परातींवर चढून हिरवी चिठ्ठी लावणारा.
महिनाअखेर तो बेरीज करायचा, सातनं भागायचा,
आम्ही फक्त विचारायचो, किती?

मे महिन्यात त्याचा करार संपला.
"वही तुझ्याकडे देतो, जयसिंग."
मी म्हटलं, मला भागाकार येत नाही.
एवढं बोलायला चौतीस वर्षं लागली.

चौथीत त्या आठवड्यात मला कांजिण्या होत्या,
लिंबाच्या पाल्यावर पडून होतो.
परत गेलो तर गुरुजी अपूर्णांकांवर पोचलेले.
मग शेजारच्याच्या पाटीवर बघत राहिलो.
पाटी गेली, मोबाईल आला.

"मोबाईल आहे की," असंही म्हणून पाहिलं.
"तो बाकी ठेवत नाही," रज्जाक म्हणाला,
"टिंब देतो आणि पळत सुटतो."

शुक्रवारी जेवणं झाल्यावर
व्हरांड्याच्या फरशीवर, वेल्डिंगच्या खडूनं:
एकशे बेचाळीस रियाल, दोनशे दहा बैसा.
"सगळ्याचे बैसे कर. इथं रुपया हजाराचा आहे."
१४२२१०. डावीकडे सात,
मध्ये कंस, अर्धवट उघडलेल्या दारासारखा.

एकात सात? जात नाही. चौदात?
सात दुणे चौदा. वर लिही, वजा कर, पुढचा उतरव.
दोन उतरवला. दोनात सात जात नाही,
म्हणून घाईनं आणखी एक उतरवला.
बावीस. सात त्रिक एकवीस.
अकरा. सात एके सात.
चाळीस. सात पंचे पस्तीस.
आलं दोन हजार तीनशे पंधरा.

दोन रियाल तीनशे पंधरा!
अख्खा महिना, सुरमईसकट.
दारातला बिजू पोट धरून हसला,
"रज्जाकभाई, वही यालाच द्या, आजच द्या."

रज्जाक हसला नाही.
"भाग गेला नाही की तू गप्प बसतोस.
गप्प नाही बसायचं. शून्य लिहायचं.
बेड रिकामा पडला म्हणून
त्याचा नंबर कोण खोडतं काय?"

अर्धी फरशी एसीच्या गळत्या पाण्यानं पुसलेलीच होती,
उरलेली मी तळव्यानं पुसली.
पुन्हा. दोन. शून्य. तीन. एक. पाच.
वीस रियाल तीनशे पंधरा.
आणि खाली, कुणाच्याच वाट्याला न आलेले, पाच.
ते नाणं त्यानं दूध-पावडरीच्या डब्यात टाकलं.
आत किती महिन्यांच्या बाक्या होत्या कोण जाणे,
डबा बराच वेळ वाजत राहिला.

रात्री विमलचा फोन.
मोटर जळली, पोराची फी, चुलत्याचं गुडघ्याचं दुखणं.
"आणि बाकी?" ती रोजच विचारते.
बाकी काही नाही, मी रोजच म्हणतो.
त्या रात्री म्हटलं, आज पाच होती.
"काय पाच?" ती म्हणाली,
आणि रेंज गेली.

जूनमध्ये आम्ही सहा.
सहाचा पाढा सोपा, मला आधीपासून पाठ.
वाटा मात्र प्रत्येकाचा
दीड रियालहून जास्तच वाढला.
खिडकीपाशी रज्जाकच्या पलंगावर
आता हेल्मेटं ठेवतात.

एकशे एकतीस रियाल, चारशे चौऱ्याहत्तर.
दिव्याखाली बसून दीड तास लागला.
एकवीस रियाल नऊशे बारा. बाकी दोन.
दोन बैशांचं नाणं बाजारात मिळत नाही,
डब्यात काय टाकणार?
वहीतच लिहिलं: बाकी २.
पानाचा फोटो दाभोळला पाठवला.

उत्तर पहाटे आलं.
शाबास नाही, कसा आहेस नाही. दोनच शब्द:
"ताळा कर."

बस यायला वीस मिनिटं होती.
सहा दुणे बारा, हातचा एक.
सहा एके सहा आणि एक सात.
सहा नव्वे चोपन्न, हातचे पाच.
बिजू बूट घालता घालता थांबला.
शेवटी त्यात ते दोन मिळवले,
जे आमच्यातल्या कुणाकडेच नव्हते,
तेव्हा कुठे आकडा जुळला.